दारातील मालमोटार

वाचकहो, भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास काही शब्द जन्मभर छळत असतात. माझ्या बाबतीत ‘पिकअप’ हा त्यांतील एक. पुढे चालकाची खोली, मागे उघडा हौदा, हौद्याला फाळका, आणि गाडी व माल मिळून सारे वजन तीन-साडेतीन टनांच्या आसपास, अशी ही गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. पण तिला मराठीत नेमके काय म्हणावे? सरकारी परिभाषा ‘हलके मालवाहू वाहन’ असे सुचविते. ते अचूक आहे, परंतु गाडीच्या मालकाला त्यात आपली गाडी ओळखू येणार नाही. जुन्या मासिकांतून ‘मालमोटार’ हा सुरेख शब्द भेटतो, पण तो वाचताच डोळ्यांपुढे घाट चढणारी अवजड लॉरी उभी राहते.

लोकांनी मात्र आम्हा भाषांतरकारांची वाट पाहिली नाही. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी जर्मनीतील ‘टेंपो’ कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेंपो ही कंपनी काढली आणि मुंबईत गोरेगावला तीन चाकांची एक बुटकी मालवाहू गाडी तयार होऊ लागली. त्या जर्मन कारखान्याचे नाव केव्हाच इतिहासजमा झाले. आपल्याकडील कंपनीनेही २००५ मध्ये ‘फोर्स मोटर्स’ असे नवे नाव धारण केले. तथापि महाराष्ट्रात माल वाहणारी कोणतीही लहान गाडी आजही ‘टेंपो’च आहे, मग ती कोणत्याही कारखान्यातून आलेली असो. विशेषनामाचे असे सामान्यनाम व्हावे, हा मान कोणत्याही जाहिरातीने विकत मिळत नाही. त्याच २००५ मध्ये टाटांनी दोन सिलिंडरांची, पाऊण टन माल नेणारी ‘एस’ बाजारात आणली, तेव्हा पुन्हा हेच घडले. कंपनीने ठेवलेले नाव कागदावर राहिले. हिंदी मुलखात ती ‘छोटा हाथी’, आपल्याकडे ‘छोटा हत्ती’ आणि तमिळनाडूत ‘कुट्टी यानै’ झाली. बिहारकडे गेलात तर पिकअपला ‘डाला’ म्हणताना ऐकाल. आपण इंदूरला असा, बडोद्यास असा की हैदराबादेत, आपल्या गल्लीत तिला काय म्हणतात ते एकदा कान देऊन ऐका. ज्या वस्तूला लोक स्वतः नाव ठेवतात, तिलाच ते हक्काने नावेही ठेवतात. आणि मला या लेखात बोलायचे आहे ते या दुसऱ्या हक्काविषयी.

विषय माझ्या घरचाच आहे. माझे थोरले बंधू जुन्नर तालुक्यात शेती करतात. साडेतीन एकर जमीन, त्यात टोमॅटो, कांदा आणि कोथिंबीर, बाजार नारायणगावचा. मी नोकरीनिमित्त दिल्लीस असते. २०२० च्या दिवाळीत दादांनी पिकअप घेतली, तेव्हा कर्जाच्या कागदांवर जामीनदार म्हणून माझी सही झाली, कारण दर महिन्यास ठरलेला पगार घरात माझ्याखेरीज कुणालाच नव्हता. कर्ज सात लाखांचे, हप्ता महिन्याला १५,५०० रुपयांच्या घरात आणि हप्ते ६०. शेतकऱ्याच्या घरात पाच वर्षांत काय काय घडू शकते, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या सहीचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. एखादा हप्ता चुकला असता तर आधी दादांच्या दाराशी आणि मागाहून माझ्या दाराशी माणसे आली असती.

शहरातील वाचकांस गाडी म्हटले की हौस आठवते. रविवारी धुऊन पुसून सहकुटुंब बाहेर नेण्याची ती वस्तू. पिकअपच्या नशिबी ते सुख नसते. तिच्या नंबराची पाटी पिवळी, तिचे पासिंग वेळच्या वेळी करून घ्यावे लागते, तिचा विमाही खाजगी मोटारीपेक्षा निराळा. कायद्याने तिच्या मालकाला दोन सोयी मात्र दिल्या आहेत. गाडीचे एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नसेल तर मालवाहतुकीचा परवाना काढावा लागत नाही. दुसरी सोय चालकासाठी आहे: ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालविण्यास हलक्या मोटारीचा साधा परवाना पुरतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. त्यापूर्वी अपघात झाला की या परवान्याच्या मुद्द्यावर विम्याचे दावे अडून राहत. घरचाच मुलगा घरची गाडी चालवितो अशा असंख्य कुटुंबांना त्या निकालाने किती हायसे वाटले असेल, याची कल्पना वर्तमानपत्राच्या चार ओळींवरून येत नाही.

आमच्या घरची गाडी कागदोपत्री दादांची असली तरी ती चालते वहिनींच्या वहीवर. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची ती वही मी दर सुटीत वाचते. कादंबरीपेक्षा त्यात मन अधिक रमते. डाव्या पानावर भाडे, उजव्या पानावर डिझेल, टोल, पंक्चर, हमाली आणि ‘इतर’. हप्त्याच्या तारखेला लाल शाईचा वेढा. परतीची फेरी रिकामी आली तर तेथे नुसती एक आडवी रेघ असते, आणि रेघांची संख्या वाढली की त्या दिवशी दादांना जेवताना त्याविषयी ऐकावे लागते. लग्नसराईत लोक हौद्यात वऱ्हाडाची माणसे न्यायला गाडी मागतात. वहिनी ती देत नाहीत. “वन्सं, माल घसरला तर पुन्हा भरता येतो,” एवढेच त्या मला म्हणाल्या होत्या. आषाढात गावच्या दिंडीचे सामान मात्र पंढरपूरपर्यंत ही गाडी नेते, आणि त्या पानावर भाड्याच्या रकान्यात ‘माउली’ असे लिहिलेले असते.

दादा ज्या कंपनीची गाडी वापरतात, तिला ते ‘आपली कंपनी’ म्हणतात. जुन्नर-खेडकडील माणसांच्या तोंडी हा शब्दप्रयोग सहज असतो, आणि त्याला कारणही आहे. टेल्कोचा कारखाना १९६६ पासून पुण्याजवळ उभा राहू लागला, आकुर्डीस टेंपो बनू लागला, आणि या तालुक्यांतील कित्येक घरांतून एक तरी माणूस पिंपरी-चिंचवडच्या भोंग्यावर उठू लागला. आमच्या मामांनी त्याच पट्ट्यात एका कारखान्यात उभी हयात घालविली. रस्त्यावरून एखादी गाडी गेली की “हिचा गिअरबॉक्स आमच्या खात्यातला,” असे ते सांगत, आणि आम्ही मुले त्या गाडीकडे नातेवाइकासारखे पाहत असू.

या ‘आपल्या’ कंपन्यांची सुरुवात कशी झाली, ते थोडक्यात सांगते. १९४२ मध्ये बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स ओखा बंदरात निघाली आणि पुढे बंगालात उत्तरपाडा येथे गेली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिचा कारखाना कुर्ल्याचा. १९४५ मध्ये महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्या भागीदारीत व्यवसाय मांडला. फाळणीनंतर ते भागीदार पाकिस्तानात जाऊन तेथील अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. तिचा मोटारींचा धंदा सुरू झाला तो विलिस जीप जुळविण्यापासून. टाटांची टेल्को १९४५ ची, मूळची रेल्वे इंजिने बांधणारी. मालमोटारींकडे ती १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने वळली.

या साऱ्या रोपांना कुंपण हवे होते, आणि ते १९५३ मध्ये सरकारने घातले. जे केवळ परदेशी सुटे भाग आणून येथे जुळवितात आणि स्वतः काही बनविण्याची योजना ज्यांच्यापाशी नाही, त्यांनी गाशा गुंडाळावा, असे ठरले. १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळविणारी जनरल मोटर्स त्यानंतर निघून गेली. फोर्डनेही आपले काम आवरले. कुंपण घालणारे आपणच एकटे होतो असे मात्र समजू नका. ज्या अमेरिकेत पिकअप घरोघरी असते, आणि जेथे फोर्डने १९२५ पासूनच ती कारखान्यातून तयार करून विकली, त्या देशाने १९६४ पासून परदेशी पिकअपवर २५ टक्के जकात बसविली आहे. तिचे निमित्तही मजेदार होते. पश्चिम युरोपातील देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढविली, तिचा हा सूड होता. कोंबड्यांचे भांडण लोक विसरून गेले. पिकअपवरील जकात अद्याप उठलेली नाही.

कुंपणाआड रोपे वाढली हे खरे. पण काही वर्षांनी माळी निवांत झाला, हेही खरे. पैसे आधी भरून गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबलेली पिढी अजून आपल्यांत आहे. दारे नीट न लागणारी, पावसात गळणारी नवी कोरी मोटार तिने पेढे वाटून घरी आणली होती. त्या पिढीपुढे मी देशी कंपन्यांचे पोवाडे गाऊ लागले तर ती मला वेड्यात काढील, आणि ते योग्यच होईल.

तरीही मालवाहू गाड्यांच्या बाबतीत निराळी हकीकत घडली, आणि ती मला मोठी उद्बोधक वाटते. १९८० नंतरच्या दशकात हलक्या मालमोटारींसाठी चार जपानी कंपन्यांना येथील भागीदारांसह दार उघडून दिले गेले: टोयोटा, निसान, मित्सुबिशी आणि माझदा. त्यांच्या गाड्या दिसायला नेटक्या होत्या. टाटांनी १९८६ मध्ये स्वतःची ‘४०७’ आणली, आणि पुढील काही वर्षांत बाजाराने आपला कौल दिला. का दिला, याची तज्ज्ञांची उत्तरे अनेक आहेत. माझे उत्तर मी गॅरेजात ऐकलेले आहे. आमच्या गावच्या मिस्त्रीकाकांच्या मते त्या गाडीचे पोट उघडायला परवानगी लागत नव्हती. पान्ह्यांचा एक संच, एक जॅक आणि सावलीला झाड असले की काम भागे. सुटा भाग जुन्नरला नाही मिळाला तर मंचरला मिळे, मंचरला नाही तर पुण्यास, आणि तोही रात्रीच्या एस. टी.ने सकाळी दारात येई.

वाचकहो, ‘आपली गाडी’ या शब्दांचा अर्थ मी तेथे शिकले. भांडवल कुणाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहिलेला नाही. १९८३ मध्ये पहिली मोटार बाहेर काढणारी मारुती ही सरकारी कंपनी होती. आज ती जपानच्या सुझुकीच्या ताब्यात आहे, तरी आपले किती वाचक तिला परकी म्हणतील? दादांच्या शेतापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर चाकणला परदेशी कंपन्यांचे कारखाने आहेत, आणि माझा भाचा आयटीआय करून त्यांतील एकात उमेदवारी करतो. त्याच्या हातांनी जुळलेली गाडी परकी, आणि बाहेरून आणलेल्या मेंदूवर चालणारी देशी कंपनीची गाडी आपली, हा हिशेब त्याला मान्य नाही. “आत्या, बोल्ट तर मीच आवळतो ना?” असे तो विचारतो. मला त्याला उत्तर देता येत नाही. पण मिस्त्रीकाकांना ती गाडी उघडता येते का, हा प्रश्न मात्र विचारता येतो, आणि तो देशी-विदेशी दोघांनाही सारखाच लागू पडतो.

या प्रश्नाची निकड आम्हाला २०२३ च्या जुलैत कळली. त्या महिन्यात शहरांतून टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली होती, हे आपणांस आठवत असेल. टोमॅटो रस्त्यावर ओतून देण्याची पाळी ज्यांच्यावर अनेकदा आली, त्यांच्या आयुष्यात असे दिवस क्वचित येतात. नेमके तेव्हाच गाडीच्या फलकावर एक पिवळा दिवा लागला आणि गाडी ओढेनाशी झाली. १ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्यांना धुराचे ‘भारत स्टेज सहा’ हे निकष लागू आहेत. त्यानुसार डिझेलच्या गाडीत धूर सोडण्याच्या नळीवर काजळी गाळणारी एक चाळणी असते. गाडी लांब पल्ल्याला एका वेगाने धावली की तापून ती काजळी आपोआप जळून जाते. शेतापासून बाजारापर्यंतच्या आखूड, थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत मात्र ती साचत राहते. आमच्या गाडीत त्या चाळणीचा दाब मोजणारा अंगठ्याएवढा भाग निकामी झाला होता. मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडले, पाहिले आणि पुन्हा मिटले. “हिला कंपनीचं यंत्र लावल्याशिवाय ती बोलायची नाही,” ते म्हणाले. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत गाडी १९ दिवस उभी राहिली. भाग ‘येत होता’. कंपनीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण माझे गाऱ्हाणे एकीपुरते नाही. वहीतील त्या १९ दिवसांच्या पानांवर उजवीकडे दुसऱ्याच्या टेंपोला दिलेली भाडी आहेत, ऐन हंगामातील चढी भाडी. डावे पान कोरे आहे. हप्त्याची तारीख त्याच पानांत येत होती, आणि त्या महिन्याचा हप्ता दिल्लीहून गेला.

धुराचे निकष नकोत, असे कुणी यावरून समजू नये. मी दिल्लीत राहते. नोव्हेंबरात खिडकी उघडली की समोरची इमारत नाहीशी झालेली असते, आणि शेजारच्या लहान मुलाचा खोकला भिंतीतून ऐकू येतो. चाळणी हवीच. माझे म्हणणे कुलपाविषयी आहे. चाळणी लोकांच्या फुप्फुसांसाठी बसविली. तिच्या दुरुस्तीची किल्ली केवळ कंपनीच्या कार्यशाळेत ठेवण्याने कुणाचे फुप्फुस वाचते? गावोगावच्या कारागिरांना ते यंत्र रास्त किमतीत मिळावे, त्याचे शिक्षण मिळावे आणि सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी असावेत, ही मागणी अवास्तव नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने एक संकेतस्थळ सुरू केले असून मोटारींचाही त्यात अंतर्भाव आहे. ही वाट बरोबर दिशेला जाते. ती आमच्या मिस्त्रीकाकांच्या गॅरेजापर्यंत अजून पोहोचायची आहे.

दादांचे एक मत मात्र मला कधीच पटले नाही. “आपली गाडी दुप्पट माल ओढते,” असे ते अभिमानाने सांगतात. त्यांच्या मित्रमंडळींत तर मागच्या चाकांवर जादा पाटे चढवून घेण्याची चालच आहे. पाटे वाढविले म्हणजे गाडी बसत नाही हे खरे, पण ब्रेक काही वाढत नाहीत, आणि माळशेज घाटाच्या उतारावर पाट्यांचा उपयोग नसतो. ज्या कंपन्या अशा स्तुतीवर मूकपणे खूश होतात, त्यांच्याविषयी माझे मत बरे नाही. आमच्या गाडीला जादा पाटे नाहीत. त्याचे श्रेय वहिनींना.

साठावा हप्ता २०२५ च्या दिवाळीनंतर फिटला. गाडीच्या कागदांवरील बोजा उतरला आणि मी जामिनातून मोकळी झाले, ती जेमतेम काही महिने. आता दुसऱ्या गाडीचे घाटत आहे. भाच्याने उमेदवारी संपवून स्वतः भाड्याचा व्यवसाय करावा असा बेत आहे. घरात तीन पक्ष पडले आहेत. दादांना तीच कंपनी हवी. भाच्याला एका परदेशी कंपनीची, चार दारांची, पांढऱ्या पाटीची पिकअप फोटोत आवडली आहे. किंमत ऐकल्यावर त्याचा आवाज थोडा उतरला, पण विचार बदललेला नाही. वहिनींचे म्हणणे, छोटा हत्ती घ्यावा. गल्लीबोळातून वळतो, हप्ता हलका, आणि मुलगा नवखा आहे.

माझ्याकडे पुन्हा जामिनाचा अर्ज आला आहे. या वेळी सही करण्यापूर्वी मी एका कागदावर चार प्रश्न लिहून गावी पाठविले, आणि ज्या ज्या विक्रेत्याकडे जाल त्याच्याकडून उत्तरे आणा असे कळविले. दाब मोजणारा तो अंगठ्याएवढा भाग मागविल्यापासून किती दिवसांत मिळेल? दिवा लागल्यास तुमच्या कार्यशाळेखेरीज आमच्या तालुक्यात गाडी कोण उघडू शकेल? रोज तीस किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर चाळणीचे काय करावे? आणि गाडी तुमच्या दारात उभी राहिली तर त्या दिवसांपुरती दुसरी देता का?

दोन विक्रेत्यांनी कागद हसून परत दिला. ‘आपल्या’ कंपनीच्या विक्रेत्याने पहिल्या प्रश्नाखाली पेन्सिलीने ‘अंदाजे ८ दिवस’ असे लिहिले. वहिनींनी तो कागद वहीत जपून ठेवला नाही. ते उत्तर शाईने लिहून आणि खाली शिक्का मारून आणावे, असे सांगून त्यांनी दादांना पुन्हा शोरूमला पाठविले आहे.